ढेकराची वाट

माझे सासरे जेवून उठण्यापूर्वी ढेकर देतात. पहिला आखूड, घसा साफ केल्यासारखा. दुसरा लांब, खोल विहिरीत पोहरा आपटावा तसा. आणि मग क्षणभर शांतता. त्या शांततेनंतरच सासूबाई ताट उचलतात. चाळीस वर्षांत त्यांनी ढेकराआधी भांड्यांना हात लावलेला नाही, असे त्या स्वतःच सांगतात. आमचे गाव लातूरपासून अर्ध्या तासावर आहे. लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा या आवाजाने दचकत असे.

माझे माहेर नांदेडचे. वडील रेल्वेच्या कार्यालयात होते. त्यांना ढेकर आलाच तर ते तोंडावर रुमाल धरीत आणि आम्हां मुलींसमोरही हलकेच ‘माफ करा’ म्हणत. त्यामुळे ढेकर ही चोरून करायची गोष्ट आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

एका वेळ अमावस्येला, शेतात पूजा करून तिथेच जेवायच्या सणाला, मी माझ्या महाविद्यालयातल्या दोन सहकारी प्राध्यापिकांना शेतावर जेवायला बोलावले. त्या दिवशी आमच्याकडे सगळे लातूर रिकामे होते. ज्याचे शेत आहे तो शेतात, ज्याचे नाही तो कोणाच्या तरी शेतात. ज्वारीच्या मध्यभागी कडब्याची खोपटासारखी कोप उभी होती. माठातल्या आंबिलीचा आंबूस गार वास, चिंचेच्या कोळात शिजलेल्या भज्जीचा तिखट वास आणि पायाखाली चुरडलेल्या हरभऱ्याचा खारट हिरवा वास एकमेकांत मिसळले होते. पाहुण्या यायच्या आधी मी सासऱ्यांना बाजूला गाठले.

“मामा, एक सांगू? आज जेवल्यावर जरा... ढेकर तेवढा देऊ नका. शहरातल्या बाया आहेत.”

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “बरं बाई,” एवढेच म्हणाले.

जेवण झाले. वाटाणा, वाल, तुरीचे ओले दाणे घातलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर. सासऱ्यांनी हात धुतला, उपरण्याने तोंड दाबले आणि कोपीच्या कुडाला टेकून बसले. सासूबाई परातीशी तशाच बसून राहिल्या.

“मीठ कमी पडलं काय?” त्यांनी विचारले.

“न्हाई. झ्याक हाय.”

“मग?”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी पाहुण्यांना आंबील वाढू लागले. भांडी तशीच पडून राहिली.

उरलेले अन्न पुष्कळ होते. बांधावरच्या बाभळीला गाय बांधलेली होती. ट्रॅक्टर आल्यावर बैल विकले. दावणीला आता ही एकच, तीही सातव्या महिन्याची गाभण. सासूबाई दर वर्षी तिला एक उंडा देतात. मी मनात म्हटले, आजच्या दिवशी एकच का? टोपल्यातले सगळे उंडे, अर्धे पातेले भज्जी आणि बादलीभर खीर मी तिच्यापुढे ठेवली. तिची जीभ बादलीच्या पत्र्यावर खरखरत फिरली. तो आवाज मला फार समाधानाचा वाटला.

तासाभराने सासरे उठून तिच्याजवळ गेले आणि तिथेच थांबले. गाय रवंथ करीत नव्हती. डावी कूस पाठीच्या कण्याच्या वर आली होती. त्यांनी तिथे बोटाने टिचकी मारली. डफावर पडावी तशी ती वाजली.

“फुगली ही,” ते म्हणाले. “ढेकर अडकला.”

माझ्या नवऱ्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तेही त्यांच्या शेतात होते. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, “तासभर तरी लागंल मला. तोवर गोडेतेल पाजा, पण डोकं लई वर धरू नका, फुफ्फुसात जाईल. काय खाल्लं तिनं?”

गाय तोंड वासून धापा टाकत होती, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता.

“मी घातलं,” मी म्हणाले. “सगळे उंडे, भज्जी. खीर पण. बादलीभर.”

नवरा माझ्याकडे पाहतच राहिला. सासरे म्हणाले, “मग तूच ये इकडं. वेसण धर.”

त्यांनी कडुलिंबाची अंगठ्याएवढी जाड काडी तोडली, गाईच्या जबड्यात लगामासारखी आडवी घातली आणि दोरीने दोन्ही शिंगांना बांधली. काडी चघळायला लागली की तोंडाला लाळ सुटते, नरडे मोकळे राहते. मग आम्ही तिचे पुढचे पाय बांधावर चढवले. नवऱ्याने थोडे थोडे करून तेल पाजले. मी वेसण धरून उभी होते. तिचा श्वास माझ्या मनगटावर आदळत होता, गरम आणि आंबट. सासरे दोन्ही मुठींनी डावी कूस रगडत होते. कपाळावरचा घाम त्यांनी पुसला नाही. पाहुण्या चटईवरून उठून लांब उभ्या होत्या.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. बांधाची सावली गाईच्या मागच्या खुरांपर्यंत आली होती. मग तिची मान लांबली, नरड्याखालून एक गोळा वर सरकताना दिसला आणि तो आला. लांब, ओला, खालच्या सुरातला. त्याला आंबिलीचाच वास होता. पाठोपाठ दुसरा आला, मग तिसरा. कूस डोळ्यांदेखत बसू लागली. सासऱ्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि तिथेच बांधावर बसले.

“एकीचा आला,” सासूबाई कोपीतून म्हणाल्या. “दुसऱ्याचा राहिलाय.”

डॉक्टर आले तेव्हा गाय काडी चघळत उभी होती. त्यांनी कूस दाबून पाहिली, एक औषध दिले आणि वासराला धोका नाही म्हणाले. उद्यापर्यंत नुसता वाळला कडबा घालायला सांगून ते आपल्या शेताकडे परतले.

मी माठातून आंबील काढली आणि तांब्या सासऱ्यांच्या हातात दिला. माझ्या हातांना अजून गाईच्या लाळेचा वास होता. ते एका दमात प्यायले. तांब्या खाली ठेवताना त्यांनी आधी चटईकडे, परतून बसलेल्या पाहुण्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“द्या मामा,” मी म्हणाले.

त्यांनी तोंड ज्वारीकडे वळवले. पहिला आखूड, दुसरा लांब. पाहुण्यांपैकी एक हसली, मग मीही. सासूबाई कमरेवर हात ठेवून उठल्या आणि दुपारची भांडी गोळा करू लागल्या.