एकशे तेहतीस डिग्रीचा युरिया

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्या रोज धुतल्या जातात, किस्से मात्र साचतच राहतात. केनवडकडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात तर थर चढलाय!

त्यातले बरेच शामरावभाऊंचे. भाऊ आमचे लॅब अटेंडंट. अकरा वर्षं झाली, तरी तात्पुरतेच. यंदा संस्थेने सांगितलं, प्रॅक्टिकलला येणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांनी लॅबबद्दल चांगला शेरा दिला, तर कायम करू. झालं! भाऊंनी आमचं सगळ्यांचं जगणं मुश्कील केलं.

*

द्रवणांक काढताना आच मंद हवी. बारावीच्या प्रतीक्षाने बर्नर भसाभस सोडला. नॅप्थलीन ऐंशीला वितळायचं, तिच्या वहीत अठ्ठ्याऐंशी! पारा पुढे पळाला, पूड मागे राहिली.

"काय वं, एवढी घाई काहून करून राह्यली?" भाऊंनी विचारलं.

"भाऊ, साडेचारची एसटी हाये नं!"

"मंग लिही वहीत, अठ्ठ्याऐंशी डिग्री, एसटीसहित!"

*

फिजिक्सच्या वानखडे सरांच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. ते वायरी सोल्डर करत होते आणि मी पोरांना समजावत होते, "शिसं आणि कथील एकेकटं असलं की जास्त उष्णता लागते. एकत्र केलं की मिश्रण लवकर नरम पडतं."

सर मान वर न करता म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी मिश्रण झालं, पण नरम एकटाच पडला!"

*

निरोप समारंभाला पॉटमधली कुल्फी ठरली. भांड्याभोवतीच्या बर्फात मीठ टाकलं की बर्फ शून्याच्याही खाली वितळतो, आणि आतली कुल्फी घट्ट होते. पण आमच्या प्राचार्यांना बीपी! भाऊंच्या हातात मिठाचा पुडा दिसताच ते ओरडले, "मीठ बिलकुल नाई! डॉक्टरनं सक्त मना केलं मले!"

मीठ बाहेर राहतं, कुल्फीत जात नाही, हे भाऊंनी तीनदा सांगितलं. उपयोग शून्य. शेवटी सगळ्यांनी कुल्फी ग्लासातून प्यायली. प्राचार्य मिशी पुसत म्हणाले, "पातळ झाली, पण पथ्याची झाली."

*

आणि मग परीक्षेचा दिवस. परीक्षक आले, कपाळावर आठ्या घेऊनच. मी चहा दिला, साखर वेगळी. एकीकडे चहा ढवळत त्यांनी हजेरी तपासली. मग "नमुना मी स्वतः काढतो" म्हणत युरियाची बाटली उघडली, पट्टीने पूड काढली. एकशे तेहतीसला वितळायला हवा होता. एकशे पंधरालाच ओघळला!

"अशुद्ध आहे," ते भाऊंना म्हणाले. "तुमची शेती असेलच ना? पोत्यातलं खत भरलं वाटतं बाटलीत!"

गेली भाऊंची नोकरी! आता त्यांनी माफी मागावी, असं मला मनापासून वाटत होतं. भाऊ पुढे झाले.

"सर, पोतं घरी हाये. पण या बाटलीत त्यातला एक दाणा नाई. तुमी ज्या पट्टीनं पूड काढली, तिनंच चहा ढवळला व्हता. साखर गेली तिच्यासंगं."

परीक्षकांनी पट्टीला बोट लावून पाहिलं. चिकट! त्यांनी धुतलेली पट्टी मागितली, बाटलीच्या तळातून नवा नमुना घेतला, आच मंद ठेवली.

एकशे तेहतीस!

त्यांनी रिपोर्ट लिहिला, सही ठोकली, निघून गेले. आम्ही सगळे कागदावर तुटून पडलो.

"प्रयोगशाळा व सहायक उत्तम. चहासोबत चमचा द्यावा."