टाकी भरलेली होती

हेड ऑफिसला रिपोर्टसाठी फोटो हवे होते. म्हणून शेजारच्या शाळेतले संडास पुसायला मी आमच्या सफाई कामगार सुनंदाबाईंना पाठवलं. त्या बादली तशीच घेऊन परत आल्या.

"कुलूप हाय सर. पहिल्यापासनंच हाय. मला वाटलं, तुम्हाला ठाव हाय."

मला ठाऊक नव्हतं. पडघ्याजवळच्या एका वेअरहाऊसचा मी फॅसिलिटी मॅनेजर. दिवे, पाणी, लिफ्ट, सफाई हे माझं खातं. सगळं चालू असेल तर मला कुणी ओळखत नाही, बंद पडलं की सगळ्यांना माझा नंबर पाठ. सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचं काम, हेड ऑफिसकडे. शाळेला संडास त्यांनीच बांधून दिले होते.

"माझी पोरगी तिथंच सातवीला हाय," बाई म्हणाल्या. "दुपारी घरी येते ती परत जात न्हाय. आता शाळाच नको बोलते."

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक बिचारे ओशाळले.

"घाण झाले तर तुमचे साहेब काय म्हणतील? धुवायला माणूस नाही, पाणीही नाही."

त्यांनी कुलूप काढलं. कमोडवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं. नळ सोडला, कोरडा. वर टाकी होती, पण टाकीत पाणी आणणारा पाइपच नव्हता. उद्घाटनाला टाकी टँकरने भरली होती. तेव्हा मी नळ सोडला, पाणी आलं, आणि हँडओव्हरवर, म्हणजे काम पूर्ण झाल्याच्या कागदावर, सही ठोकली. सही माझीच. लाज वाटली.

सीएसआरच्या मॅडमना फोन केला.

"सर, तो प्रोजेक्ट क्लोज झालाय. यंदा आपण झाडं लावतोय."

"झाडांनाही पाणी लागतं, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. मग मी कुणाला विचारायच्या फंदात पडलो नाही. प्लंबरला सांगून आमच्या बोअरवेलची लाइन भिंतीपलीकडे नेली. आमच्या सफाईच्या चार्टवर पाच टॉयलेट ब्लॉक होते, खाली सहावा लिहिला. दिवसातून दोनदा, सुनंदाबाईंची ड्युटी. ऑडिटवाल्यांनी अजून विचारलेलं नाही. विचारतील तेव्हा बघू.

पंधरा दिवसांनी बाईंना विचारलं, "मुलगी काय म्हणते?"

"जाते सर. पुरा दिवस बसते. तिच्या दोन मैत्रिणी तेवढ्या न्हाय आल्या. त्यांचं नाव शाळेतनं कवाच काढलंय."

आता कुठेही सही करण्याआधी मी शिडी चढून टाकीत पाणी कुठून येतं ते बघतो. गुडघे कुरकुरतात, पण चढतो.