आजोबांनी न चाखलेली वाइन

रोहन, इरा — हे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

रोहन, तुझ्या यंदाच्या बाटल्या परवा पोचल्या. लेबलवर तू आजोबांचं वाक्य छापलंस, तेही मराठीत — ‘ही तर आपल्या बेदाण्याची धाकटी बहीण.’ वाचलं आणि मी बाटली भिंतीकडे फिरवून ठेवली.

तुझ्या पहिल्या वाइनची आजोबा किती वाट पाहत होते! जन्मभर त्यांनी कुंभारीच्या शेतातली द्राक्षं वाळवून बेदाणा केला. आणि नातू आल्प्सच्या उतारावर, दगडी बांधांच्या अरुंद पट्ट्यांत द्राक्षं लावतो. ट्रॅक्टर चढत नाही म्हणून पाठीवरून माल उतरवतो. तिथल्या रात्री इतक्या गार, की पिकल्या मण्यातही आंबटपणा टिकतो — हे सगळं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. आपल्या लिंगायत घरात दारूचा थेंब कधी आला नाही, अशी मी आठवण करून दिली, तर म्हणाले, “दारू न्हाय गं ती, पोराचं पीक हाय. चमचाभर चाखू की!”

तुझा मित्र बाटली घेऊन आला तेव्हा वन्सं — आजोबांची बहीण — पुढच्या खोलीतच बसल्या होत्या.

“काय गं ते?”

“ऑलिव्हचं तेल,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मग लाव की दादाच्या गुडघ्याला!”

मी बाटली कपाटात साड्यांमागे ठेवली. वन्सं महिनाभर राहणार होत्या, चार घरी बोलणार होत्या. आत जाऊन आजोबांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं — दारातच हातून निसटली, फुटली.

त्यांनी मग माझा हात खिडकीकडे ओढून एकेक बोट पाहिलं. “काच गोळा करताना लागलं न्हाय न्हवं तुला?”

तेव्हा तरी सांगायचं — नाही का? निदान वन्सं गेल्यावर? पण फुटलेली बाटली अख्खी कशी करायची? मी शिकलेली बाई, शाळेत मुलींना खरं बोलायला शिकवलेली — मला नवऱ्यासमोर खोटी ठरायचं नव्हतं. एवढंच.

मग तुझा फोन. आजोबांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्यांच्या वतीनं नेहमी मीच बोलत असे. “चाखली? काय म्हणाले?” किती उतावीळ झाला होतास! आणि मी ते वाक्य रचलं. आजोबा तेव्हा शेजारच्याच खोलीत होते — मी हाक मारायचा अवकाश. त्याच थंडीत ते गेले.

काल ती जुनी बाटली काढली. बूच निघता निघेना. चमचाभर घेतली — आधी आंबट, मग भिजल्या दगडासारखी गार, अगदी शेवटी पुसटसा गोडवा. बेदाण्याची आठवण मला तरी आली नाही.

आजोबा बेदाणा पारखताना डोळे मिटायचे. दाणा जिभेखाली ठेवून बराच वेळ काही बोलायचे नाहीत. नंतर जे बोलतील ते आपल्याला कधीच आधी ओळखता यायचं नाही.

लेबलवरचं वाक्य माझं आहे. त्यांचं काय असतं, मला माहीत नाही.