डाव्या मडगार्डचा रंग

गाडी चमकावी म्हणून मी ती डिझेलने पुसली होती, हे सांगितल्यावर गाड्या पॉलिश करणाऱ्या त्या माणसाने बोनेटवर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, तुमीच नाई, अख्खं वऱ्हाड हेच करते." मला जरा बरं वाटलं. अमरावतीला आईच्या जुन्या साडीचा बोळा डिझेलमध्ये बुडवून मी दुपारभर ती लाल गाडी घासली होती. तासभर ती अशी लखलखली की शेजारच्या काकू चहा टाकून बघायला आल्या. संध्याकाळपर्यंत रस्त्यावरची सगळी धूळ तिला येऊन चिकटली आणि गाडी होती त्यापेक्षा घाण दिसायला लागली. म्हणून मग अकोल्याला, बायपासजवळच्या या दुकानात आणली. जुन्या गाड्यांचा मूळ रंग परत उजळून देतो, नवा रंग मारत नाही, असं त्याने पाटीवरच लिहिलेलं होतं.

गाडी बाबांची. बाबा नोकरीभर सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. साहेब बदलत गेले, जीपा बदलत गेल्या, बाबा तेच. निवृत्तीच्या वेळी त्यांना विनाअपघात सेवेचं एक प्रमाणपत्र मिळालं, ते आमच्या समोरच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली लावलेलं आहे. पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याआधी ते दाखवायचे. "माह्या हातून कुत्रं बी नाई मेलं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते प्रमाणपत्रावरच छापलेलं आहे असं मला लहानपणी वाटत होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते गाडी पुसायचे. दरवर्षी दसऱ्याला तिला निळी रिबीन बांधून आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो.

मग त्यांना काचबिंदू निघाला. गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली ती दहा-बारा वर्षं. वर निंबोळ्या, चिमण्यांची घाण, उन्हाळ्यात धूळ. लाल रंग आधी फिका झाला, मग गुलाबी, शेवटी त्याच्यावर बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी हाताला लागायची. विकू दिली नाही. धुऊही दिली नाही. कोणी बादली घेऊन निघालं की आतून आवाज यायचा, "राहू दे थे, रंग उडते." आणि यंदा अचानक म्हणाले, दसऱ्याला आपल्याच गाडीने नागपूरला जाऊ. मी डिझेल घेऊन निघाले तेव्हाही या वेळी आतून आवाज आला नाही. मेकॅनिकने इंजिन चालू करून दिलं. माझ्या नवऱ्याने ती अकोल्यापर्यंत चालवत आणली. मी बाजूला बसले होते, कारण मला गाडी चालवता येत नाही.

येत नाही म्हणजे, बाबांनी तसं सांगितलं म्हणून येत नाही. हे जरा नीट सांगते. मी अकोल्याला शाळेत भूगोल शिकवते. बारा वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी आले तेव्हा बाबांकडून गाडी शिकायला लागले. सकाळी सहा वाजता वलगावच्या रस्त्यावर. ते डाव्या सीटवर, हात मांडीवर, आणि तोंड सुरू. "डावीकडं पाह्य! डावीकडं कोन पाह्यन?" मी बघतच होते. मला जमत होतं, असं मला वाटत होतं. पंधरा दिवसांत मी गाडी अंजनगावच्या फाट्यापर्यंत नेऊन वळवून आणली. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं, "पोरगी माह्यावर गेली." मी ते स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं आणि दिवसभर हवेत होते.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी शिकवणं बंद केलं. का, ते कधी समजलं नाही. गाडी कसल्याशा कामासाठी अकोल्याला नेली, परत आणली, आणि पुढच्या रविवारी सकाळी मी माहेरी चपला घालून उभी राहिले तर म्हणाले, "नाद सोड. तुया हाताले गाडी नाई जमत." मी म्हटलं, काय चुकलं ते तर सांगा. म्हणाले, "चुकलं नाई. जमतच नाई." एवढंच. मी किती रडले ते सांगत नाही. त्यानंतर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. नवऱ्याने दोनदा शिकवायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मी गेटमध्येच रडले आणि त्याने नाद सोडला. ज्या माणसाने आयुष्यभर गाडी चालवली तोच म्हणतो जमत नाही, तर त्यावर आणखी कोणाला विचारायचं?

तर आता दुकानात. त्या माणसाने आधी गाडीला फेस मारून धुतलं. मग माझ्या हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घातली आणि म्हणाला, "आता फिरवा बोनेटवर." पिशवीतून पत्रा असा खरखरीत लागला की मी हात ओढून घेतला. पिशवी काढली तर तोच पत्रा गुळगुळीत. हे कसं, मला काही कळेना. तो म्हणाला, नुसत्या हाताला समजत नाही ते पिशवीतून समजते. मग त्याने चिकणमातीसारखा एक गोळा सगळ्या पत्र्यावर घासला. मग अर्ध्या बोनेटवर चिकटपट्टी लावली, मशीनला स्पंजाचा पांढरा बोळा लावला आणि एका बाजूने पॉलिश फिरवायला लागला. बोळा लालभडक झाला. मी ओरडलेच, "अहो, रंग निघून राहिला!" तो हसला. वरचा मेलेला रंग निघतोय, खाली जिवंत आहे, म्हणाला. चिकटपट्टी काढली तर एका बाजूला ती गुलाबी भुकटी आणि दुसऱ्या बाजूला माझी जुनी लाल गाडी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला सांगितलं, धुळीने आलं.

तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. बोनेट झालं, उजवी बाजू झाली, दारं झाली. प्रत्येक वेळी बोळा लाल. मग डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड आलं आणि बोळा पांढराच राहिला. त्याने दुसरा बोळा लावला, तोही पांढरा. मग त्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं आणि पत्र्याला टेकवलं. रंगाचा थर किती जाड ते त्यावर दिसतं. इतर ठिकाणी आकडा शंभराच्या आतबाहेर होता, इथे पाचशेच्या वर गेला. "ताई, हे ठोकलेलं हाय," तो म्हणाला. "पुट्टी भरून नवा रंग मारला, वरून लॅकरचा काचेसारखा थर. म्हनून बोळा लाल होत नाई."

मी म्हटलं, शक्यच नाही. ही गाडी विनाअपघात आहे. माझा आवाज इतका चढला की पलीकडे उभा असलेला माणूस वळून बघायला लागला. तो दुकानदार गरीब बिचारा, म्हणाला, "मी काय म्हनतो? यंत्र म्हनते."

मी आईला फोन लावला. ही गाडी कधी धडकली होती का? आई आधी नाही म्हणाली. मग तिची थोडी गडबड झाली. "धडकली नसन. पन एक डाव थे वलगावच्या रस्त्यावून आले, गाडी मांगं उभी केली, दोन दिवस जेवले नाई. मंग गाडी घेऊन तुयाकडं अकोल्याले गेले. तूच तं होती तिथं, तुले मालूम असन." मला काय मालूम? ते आठ दिवस माझ्याकडे राहिले होते, हे खरं. मी सुट्टी संपवून चार-पाच दिवस आधीच परतले होते. गाडी परस्पर गॅरेजला टाकून आले, क्लचप्लेटचं काम आहे म्हणाले. मी त्यांना पिठलं केलं, ठेचा केला, ते पानावरून उठून जायचे. मी समजले, माझ्या हातचं आवडत नाही. आठ दिवसांनी गाडी आली. पुढच्या रविवारी मी माहेरी गेले, चपला घालून उभी राहिले, आणि नाद सोड.

मी दुकानाबाहेरच्या बाकावर बसले आणि सगळा हिशोब उलटसुलट लावायला लागले. म्हणजे धडक माझ्या शिकण्याच्या आधी की नंतर? नंतर. गाडीत मी होते? नव्हते. मग मला का सांगितलं जमत नाही? माझ्यामुळे काही झालं होतं का, क्लच मी खराब केला म्हणून? पण धडक डावीकडे, आणि डावीकडे पाह्य म्हणून सारखे ओरडायचे ते स्वतःच. काचबिंदूत आधी बाजूचं दिसणं जातं, हे डॉक्टरांनी नंतर आम्हाला चित्र काढून समजावलं होतं. मी इतकी भूगोल शिकवणारी बाई, मला डावंउजवं समजेना. आणि राग यायला लागला. कोणावर, तेही कळत नव्हतं. बारा वर्षं ऑटोने फिरले मी.

दुकानदार माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, एक अडचण आहे. इतकी वर्षं सगळ्या गाडीचा रंग मेलेला होता, म्हणून सगळी एकसारखी दिसत होती. आता बाकीची उजळली की डावं मडगार्ड वेगळं दिसणार. जरा नारिंगी. तुम्ही म्हणाल तर ते तसंच मळकट ठेवतो, किंवा सगळ्या गाडीचं पॉलिश थोडं कमी करतो, म्हणजे फरक लपेल. तेव्हा मला एकदम ती बादली आठवली. "राहू दे थे, रंग उडते." रोज सकाळी दात घासायच्या आधी गाडी पुसणाऱ्या माणसाने तेव्हापासून तिला ओलं फडकंही लावू दिलं नाही. धूळच ते झाकून होती. मी ती डिझेलने पुसली, अकोल्याला आणली, खरवडून काढली. कशाला, तर बाबांना बरं वाटावं म्हणून. मी असं काही केलं होतं की मला स्वतःलाच कळेना, चांगलं की वाईट.

"पूर्ण करा," मी म्हटलं. का म्हटलं, ते अजूनही नीट सांगता येणार नाही. मला ते बघायचं होतं, एवढंच.

दोन दिवसांनी नवऱ्याने गाडी चालवत अमरावतीला नेली. उन्हात ती इतकी लाल दिसत होती की शेजारच्या काकूंनी हात जोडले. आणि डावं मडगार्ड कोणालाही दिसेल असं वेगळं, पिकल्या संत्र्याकडे झुकणारं. काकूंनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घरात गेल्या. आईनेही पाहिलं. ती पदर खोचून उगाच पायरी झाडायला लागली.

बाबा भिंतीला धरून बाहेर आले. त्यांना आता समोरचं थोडंसं दिसतं, तेही धुकट. त्यांनी तळवा टेकवला तो मागच्या डिकीवर, आणि तिथून उजव्या बाजूने, दारावरून, बोनेटवरून हात सरकवत आले. मधूनच थांबायचे, दोन बोटं फिरवायचे, पुढे जायचे. डाव्या मडगार्डवर आल्यावर हात थांबला. बराच वेळ थांबला.

"दोन्ही बाजू सारख्या दिसून राहिल्या ना?" त्यांनी विचारलं.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. बारा वर्षांचं. पिठलं, चपला, ऑटो. मी म्हटलं, "हो बाबा. एकसारख्या."

"मंग अकोल्याचा पेंटर चांगला होता म्हनायचा," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, कोणता पेंटर? ते माझ्याकडे बघत नव्हते, बघूनही काही दिसलं नसतं. "पुलाचा कठडा होता. वलगावच्या रस्त्यावरचा. मानूस नोयता, ढोर नोयतं, बस कठडा." मडगार्डवरचा हात त्यांनी उचलला नव्हता. "मले दिसलाच नाई. तू असती गाडीवर तं तुले दिसला असता."

मला प्रचंड राग आला होता. त्यांना घट्ट धरून ठेवावं असंही वाटत होतं. आणि हे त्यांनी चुकून सांगितलं की इतकी वर्षं ठरवून मग सांगितलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. समोरच्या खोलीतलं प्रमाणपत्र उघड्या दारातून दिसत होतं. ते नोकरीचं होतं, ही गाडी नंतरची. म्हणजे ते तरी खरंच होतं. पण बाबांनी ते स्वतःला कधी सांगितलं नसावं.

बाबा गाडीला धरून दोन पावलं मागे आले, चाचपडत डावं दार उघडलं आणि आत बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले. वलगावच्या रस्त्यावर बसायचे तसे.

"चाल," ते म्हणाले. "दसऱ्याले टाइम हाय, पन हात बसला पाह्यजे."

आई झाडू घेऊन तशीच उभी राहिली. मी किल्ली शोधायला लागले. पर्समध्ये नव्हती, ओट्यावर नव्हती, नवऱ्याला विचारलं, त्याच्याकडे नव्हती. मी दोनदा घरात जाऊन आले. शेवटी आईने माझी मूठ उघडून दाखवली.