गिरडकर काकांची गोड कॉफी

गिरडकर काकांना मी मारलं असेल, असं मला वर्षभर वाटतंय.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका म्हणजे केतकीचे बाबा. केतकी कॉलेजमध्ये माझ्या वर्गात होती. ती इंजिनिअर झाली. मी सेकंड इयरला एचओडीच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो आणि सक्करदऱ्याला तलावाजवळ कॉफीच्या काउंटरवर कामाला लागलो.

केतकी मला आवडते. हे तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे. आता तिलाही कळलं.

काका रोज संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि थेट माझ्याकडे यायचे.

पहिल्या दिवशी मी त्यांना माझ्या हिशेबाने बेस्ट कॉफी दिली. ब्लॅक, बिनसाखरेची.

एक घोट घेतला आणि म्हणाले, "हे काय बे इंजिनिअर? वांगं जाळून त्याचं पाणी देऊन राहिला का?"

माझं डोकंच फिरलं. "काका, कॉफी अशीच पितात. साखर टाकली की चव मरते."

"मरू दे. दोन चमचे टाक. अर्धं दूध, अर्धं पाणी. आणि जायफळ माह्या समोर किस, डब्यातली पावडर नको."

पेपर कपात घ्यायचे नाहीत. शेवटी त्यांच्यासाठी मी घरून स्टीलची कपबशी आणून ठेवली. बशीत ओतून, फुंकर मारून, डोळे मिटून प्यायचे.

मग एक दिवस केतकीचा फोन आला. दोन वर्षांनी.

"बाबा तुझ्याकडे येतात ना? त्यांची शुगर खूप वाढलीय रे. कॉफी बंद कर म्हटलं तर दुसरीकडे जाऊन पितील. तू दे, पण फिकी दे, बिनसाखरेची. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस म्हटलं. तिने चंद्र मागितला असता तरी म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकांना फिकी दिली. त्यांनी बशी तशीच मागे सरकवली.

"तिनं सांगितलं ना तुले? घरी मायलेकी मले गढूळ पाणी पाजून राहिल्या, आता तू पण? जातो मी चौकातल्याकडे."

आणि खरंच उठले.

मी घाबरलो. काका गेले असते तर केतकीचा फोनही गेला असता.

"बसा काका," मी म्हणालो. आणि दोन चमचे टाकले.

त्या दिवसापासून रोज साडेसातला तिचा मेसेज यायचा. "फिकी ना?"

मी अंगठा पाठवायचो.

त्या एका मेसेजसाठी मी दिवसभर जगायचो. तो यावा म्हणून मी रोज तिच्या बाबांना साखर पाजली. हे असं सरळ मी पहिल्यांदाच लिहितोय.

शेवटच्या संध्याकाळी काकांनी दोन कप घेतले. दुसऱ्याच्या वेळी मी म्हणालो, "बस झालं ना काका."

"माह्या पोरीसारखा नको बोलू."

तिच्यासारखा म्हणाले, याचाच मला केवढा आनंद झाला! हसत हसत साखर टाकली.

सकाळी दाढी करता करता ते आरशासमोरच कोसळले.

डॉक्टर हार्ट म्हणाले. साखरेचं कोणी काही बोललं नाही. मी विचारलंही नाही. कोणी 'हो' म्हणालं तर?

दहाव्याला घाटावर गेलो. केतकी एकुलती एक, सगळं तीच करत होती. पिंडाशेजारी काकांच्या आवडीची पुडाची वडी ठेवली होती. आणि कपभर कॉफी.

कावळा आला. जवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. पुन्हा आला, पुन्हा उडाला.

केतकीचे मामा हात जोडून ओरडले, "भाऊजी, पोरीचं लग्न मी लावून देतो! काहून अडून राहिले? निघा आता!"

तिच्या लग्नाचं ऐकून एरवी मी पेटलो असतो. तेव्हा माझं लक्ष फक्त त्या कपावर होतं.

केतकी रडत म्हणाली, "कॉफी तर ठेवलीय ना त्यांची. फिकी. रोज घ्यायचे तशीच." मग गर्दीतून मला शोधून विचारलं, "हो ना रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "हो."

अर्धा तास वाट बघून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिवला.

मी असलं काही मानत नाही. कॉलेजात या विषयावर भांडणं केली आहेत. पण वर्ष झालं, काउंटरसमोर कावळा बसला तर मी मागच्या खोलीत जातो. मालक विचारतो, "काय झालं बे?" काय सांगू?

आज सकाळी केतकीचा मेसेज आला. "बाबांचं वर्षश्राद्ध आहे. बाराला घरी ये. पानाजवळ ठेवायला त्यांची फिकी कॉफी तू आणशील? तुझ्या हातचीच घ्यायचे ना."

उत्तर चार वेळा लिहून डिलीट केलं. म्हणून इथे लिहितोय. तुम्ही सगळे वाचणार, म्हणजे मला पळता येणार नाही.

कॉमेंटमध्ये कृपया "तुझी चूक नाही" असं लिहू नका. तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही.

केतकी, मी तुमच्या गेटबाहेर उभा आहे. थर्मासमध्ये काकांची कॉफी आहे. अर्धं दूध, अर्धं पाणी, जायफळ आणि दोन चमचे साखर. मी रोज हीच दिली आणि तुला रोज खोटं सांगितलं.



वर बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर थर्मास गेटवर ठेवून जाईन. मला हवं ते बोल, मी उलट एक शब्द बोलणार नाही. पण त्यांच्या पानाजवळ आज हीच ठेव.

काका, तुम्हाला वाकून नमस्कार. माफ करा, घाटावर मी घाबरलो.