कमळ धवलारणीची उघडी जखम

थळच्या बाजूला ज्या मांडवात कमळ गायली नाही, तिथं लग्न लागलं असं कुणी मानतच नसे. आगऱ्यांच्या लग्नात आधी धवलारीण गाते, देवांना बोलावते, मग हळद लागते. कमळचा आवाज असा खणखणीत, की बेंजोवालाही हात थांबवून ऐके. नवरा दिनानाथ कौतुकानं म्हणे, "घरात बोलली तरी वेशीवर ऐकू जातंय!"

लेकीचं, प्राप्तीचं, लग्न तोंडावर आलं आणि कमळचं आतडं फुटलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी आतले थर शिवले, वरची कातडी मात्र मुद्दाम उघडी ठेवली. "पोटात पू होता. आत्ताच बंद केलं तर आत सडेल. जखम साफ झाली की टाके घालू," त्यांनी दिनानाथला समजावलं. घरी सोडलं ते रोज पट्टीला यायच्या बोलीवर. गाणं बंद.

पण ऐकेल तर कमळ कसली! "लोकांच्या लेकी गाऊन उजवल्या, आन माझ्या पोरीच्या हळदीला मी आडवी? येवढी जखम शिवून द्या कुठून तरी." दिनानाथ रागावला, विनवून थकला. ती भिंतीकडे तोंड करून रडली. बायको रडली की हा गडी संपलाच! नेलं तिला गुपचूप दुसऱ्या डॉक्टरकडे. त्या मेल्यानं जखम उघडी का ठेवली हेही विचारलं नाही. कातडीला पिना मारून जखम बंद केली, मोकळा झाला.

हळदीला कमळ गायली. काय गायली म्हणून सांगू! म्हाताऱ्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या, आणि पाटावरची प्राप्ती नुसती आईकडे बघत होती. दिनानाथनं पाणी देताना हात धरला, तर अंग तापानं फणफणलेलं. "पोरीला कळू देऊ नका. हसत जाऊ दे तिला," कमळ म्हणाली. त्यानं तेही ऐकलं.

लग्न लागून वरात गेली, तसं कमळला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पिना काढल्या, तर पूच पू. विष रक्तात भिनलं होतं. कमळ वाचली नाही.

पाचव्या दिवशी पाचपरतावणाला माहेरी यायची लेक आधीच धावत आली, अंगावरची हळद तशीच. आईला कवटाळून रडली, मग बापाकडे वळली. "बाबा, गाण्याबिगर लगीन चाललं असतं मना. आता आयबिगर म्हायारी कशाला येऊ?"

तुझ्या आईनंच हट्ट केला, असं त्याला म्हणता आलं असतं. तो तसं म्हणाला नाही. "मीच नेली गो तिला," एवढंच बोलला आणि त्यानं पोरीचे पाय धरले.