पोळ्याच्या दिवशी बैल वळले, तिथे वळण नव्हतं

आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर आई मांजरालाच म्हणते, "बाई, जपून जा." अशा घरात वाढलेली मी. जळगावात इंग्लिश मीडियम, मग आर्किटेक्चर, मग पुण्यात एम.प्लॅन, म्हणजे गावं-शहरं कशी वसवायची याचं शिक्षण. या कॉलममधले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू? वाचताना हसते. मैत्रिणींना फॉरवर्ड करते आणि खाली डोळे फिरवणारी स्मायली टाकते... तर आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. घ्या!

गाव पाचोऱ्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं हे वाचतील आणि मला फोन करकरून बेजार करतील. गाव पुनर्वसनाचं आहे. मूळ गाव गिरणेला मिळणाऱ्या एका नाल्याकाठी होतं, तिथे धरण झालं, ते पाण्याखाली गेलं, आणि माणसांना काही कोस अलीकडे उघड्या गायरानावर प्लॉट मिळाले. सरळ रस्ते, सरळ गल्ल्या, पट्टीने आखल्यासारखं. मधोमध एक मोठं मोकळं मैदान तेवढं उरलेलं.

माझा थीसिस याच मैदानावर होता. गावाला तिथे चौक हवा होता, आणि चौकाला वेस. पण वेशीचं तोंड कुठे करायचं यावर गावात दोन तट. दोघांनी मिळून ठराव केला नाही तर मैदानाचे प्लॉट पडणार होते, मागणाऱ्यांची रांगच लागली होती. आणि एकदा प्लॉट पडले की संपलं, गावाला एकत्र जमायला हातभर जागा उरणार नव्हती.

एका तटाचे नाना, दुसऱ्याचे आबा. दोघेही सत्तरी ओलांडलेले, दोघेही हट्टाला पेटलेले. नाना म्हणायचे, "वेस रस्ताकडेच व्हई. पाव्हणा कोठून येतस? धरणमाईन येतस का?" आबा म्हणायचे, "वेशीनं तोंड जुना गावकडेच पाहिजे. आपला बठ्ठा देव तठेच शेत." (अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे, शेत म्हणजे आहेत.) गाव उठलं तेव्हा हाच वाद मारुतीच्या देवळाचं तोंड कुठे करायचं यावरून झाला होता, त्यात नको ते बोललं गेलं, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. गावाची पोळ्याची मिरवणूकही तेव्हाच बंद पडली, कारण वेसच नाही तर तोरण कुठे बांधणार आणि मानाचा बैल कुठून काढणार?

आता खरी मेख ऐका. नानांची बायको, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, ती आबांची सख्खी धाकटी बहीण! माहेर त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. पण भांडण झाल्यापासून ती भावाच्या घरी गेली नव्हती. भाऊबीजेला नाही, दुखण्याखुपण्याला नाही. मी सर्व्हे करताना तिला मोठ्या हुशारीने विचारलं होतं, "अक्का, तुमचं मत कुणाच्या बाजूने?"

"माले काय इचारी राहिनी, पोर?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "दोन्ही मन्हाच शेत."

माझा फॉर्म तिथेच बंद झाला.

माझा प्रोजेक्ट पार्टनर तन्मय, पक्का पुणेकर. त्याच्या डोक्यातून आयडिया निघाली की आपण डिझाईन कागदावर दाखवायचंच नाही, मैदानावर खऱ्या मापात फक्कीने आखायचं आणि लोकांना त्यात चालायला लावायचं. आणि मी, अतिशहाणी, म्हणाले, "मग पोळ्यालाच आखू! मिरवणूक पुन्हा सुरू करू! बैल चालले की चौक झालाच!"

गाव खूश. पण लगेच प्रश्न आला की मानाची जोडी कुणाची? नानांची पुढे नेली तर आबांचा तट घरी बसणार, आबांची नेली तर नानांचा. तेव्हा मी जे डोकं चालवलं ना... प्लॅनिंगच्या भाषेत त्याला न्यूट्रल ऑप्शन म्हणतात, गावाच्या भाषेत येडेपणा. मी म्हटलं, मानाची जोडी बाहेरून भाड्याने आणू या! कुणाचीच नको. आणि वेस मैदानाच्या मधोमध बांबूची उभारू, तोंड ना रस्त्याकडे ना धरणाकडे.

"भाडाना मान?" नाना माझ्याकडे बघतच राहिले. आबांनी तर कपाळाला हात लावला. पण गंमत म्हणजे दोघांनाही ते सारखंच पटलं नाही, म्हणून दोघांनीही मान्य केलं!

जोडी आली सावद्याकडून, टेम्पोत उभी राहून. सोबत मालक, गुलाबभाऊ. केळीच्या बागेत काम करणारी जोडी, तरणीताठी, सातपुड्यापलीकडच्या बाजारातून दोन वर्षांपूर्वी घेतलेली. गुलाबभाऊ या गावात जन्मात पहिल्यांदा येत होते, बैलांचा तर प्रश्नच नाही. हे लक्षात ठेवा.

पोळ्याची दुपार. लख्ख ऊन. आभाळात ढगाचा ठिपका नाही. काय थाट होता म्हणून सांगू! शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. गावात ट्रॅक्टर आले तरी ज्यांनी जोड्या ठेवल्यात त्यांनी त्या नवरदेवासारख्या सजवलेल्या. बायका पूजेची ताटं घेऊन मैदानाच्या कडेला, त्यात पुरणपोळ्या. माझ्या फक्कीच्या रेषा पांढऱ्याशुभ्र. माझा आनंद गगनात मावत नव्हता, मी फोनवर मूव्हमेंट रेकॉर्ड करणारं अ‍ॅप चालू करून गुलाबभाऊंच्या मागेच उभी होते.

हलगी वाजली. गुलाबभाऊंनी जोडी पुढे काढली. बांबूच्या वेशीपाशी आली... आणि थांबली. गुलाबभाऊंनी कासरा हलवला, पाठीवर थाप मारली, "चल राजा" म्हटलं. ढिम्म. मग जोडीने तोंड फिरवलं आणि वेशीच्या बाजूने, माझ्या सुंदर रेषा तुडवत, चालायला लागली.

लोक हसले. तन्मय ओरडला, "अगं, तुझ्या डिझाईनला रिजेक्ट केलं बैलांनी!" मीही हसले. हसू थांबलं ते पुढे.

जोडी थोडी सरळ गेली आणि काटकोनात वळली. मोकळ्या मैदानात! तिथे दगड नाही, खड्डा नाही, माणूस नाही. मागची जोडी त्याच जागी येऊन तशीच वळली. तिच्या मागचीही. सगळ्या जोड्या एकामागे एक, अंगाला अंग चिकटवून, अरुंद बोळातून जावं तशा निघाल्या. बाजूला एवढी जागा रिकामी! एकाने आपली जोडी रांगेतून बाहेर काढून पुढे दामटायचा प्रयत्न केला, तर बैल मान आडवी करून उभे राहिले, बाहेर यायलाच तयार नाहीत.

"गुलाबभाऊ, तुम्ही नेताय का?" मी पळत पळत विचारलं.

"मी कुठं नेतोय ताई? कासरा बघा ना!" त्यांनी हात वर केला. कासरा सैल लोंबत होता.

मग बैलांनी पाय उचलले. म्हणजे नेहमीसारखे नाही... एका जागी प्रत्येक बैलाने पाय उंच उचलून टाकला, गटार ओलांडावं तसा. सपाट जमिनीवर. हलगीवाला थांबला. मैदानात आता फक्त घुंगरं वाजत होती.

तेवढ्यात नानांचा आवाज आला. ओरडून नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"कुंभारआळीनी मोरी शे ती..."

आणि बैलांच्या रांगेपलीकडून आबा बोलले, "आते डावीकडे वळतीन."

जोडी डावीकडे वळली.

अहो, मी उडालेच! अक्षरशः किंचाळले. "आबा, पुढे? पुढे काय?" उत्तर नानांनी दिलं, "पुढे उतार व्हता. आते सावकाश चालतीन." आणि सपाट जमिनीवर बैल मागचे पाय आवरत, उतारावर चालतात तसे, हळूहळू चालायला लागले. मग आबा, मग नाना, मग पुन्हा आबा. तेल्याचं घर, चिंच, शाळेचं कुंपण. एकमेकांकडे न बघता दोघे म्हातारे पाण्याखालचं गाव वाचत होते आणि बैल पावलापावलाला त्यांना होकार देत होते. जुन्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या. "ओ मन्ही माय! हाई ते आपलं जुनं गाव शे!" कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले.

थांबा. शंका काढणाऱ्यांना इथेच उत्तर देऊन टाकते, कारण पुढचं सांगितल्यावर मला वाद घालायची इच्छा राहत नाही. मागचे बैल पुढच्यांच्या मागे जातात, मान्य. पण पुढचे कुणाच्या मागे गेले? नाना-आबा आवाजाने बैलांना वळवत होते म्हणाल, तर पहिलं वळण आणि मोरी, दोन्ही त्या दोघांनी तोंड उघडायच्या आधी झाली. जमिनीखाली जुना पाया असेल म्हणाल, तर जुनं गाव इथे नव्हतंच, ते काही कोसांवर पाण्यात आहे. तन्मयने नंतर मैदानाची लेव्हल घेतली. उतार नाही. वास, वारा, चुंबकत्व, सगळं झालं आमचं बोलून. गुलाबभाऊंनी तर बैलांचे खूर उलटे करून पाहिले, बिचारे.

तर... मानाची जोडी एका जागी येऊन थांबली. पोळ्याला बैल दारापुढे थांबतात ना, घरची बाई पाय धुऊन ओवाळेपर्यंत, तशी. माना खाली घालून. समोर मोकळी जमीन.

नानांनी नजर खाली घातली. मी शेजारच्या बाईला कुजबुजत विचारलं, "कुणाचं घर?"

"अक्कानं माहेर," ती म्हणाली.

बायकांच्या घोळक्यातून अक्का पुढे आली. हातात ताट. बैलांपाशी येऊन तिने आधी पायातल्या चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या, आणि एक पाऊल उंच उचलून पुढे टाकलं. मग वळून बैलांच्या खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं, पोळी भरवली. ते झाल्यावर ताट खाली ठेवून ती तिथेच उभी राहिली, आबांकडे तोंड करून.

"भाऊ, उनी ना मी," माहेरी आलेल्या लेकीसारखं ती म्हणाली. "दार उघड."

आबा आले. एवढा ताठ माणूस, पण पाय ओढत आले. तिच्यासमोर उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडायलाच लागले.

"दार उघडंच व्हतं, बहिन," ते म्हणाले. "तूच उनी नही."

मी रडत होते. तन्मय रडत होता, आणि वर "धूळ गेली" म्हणत होता. मग नानांनीही वहाणा काढल्या, अक्काच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि मेहुण्याच्या त्या नसलेल्या घरात पाऊल टाकलं. आबांनी त्यांचा दंड धरला.

मैदानाचे प्लॉट पडले नाहीत. ग्रामसभेत ठराव झाला, पहिली सही नानांची, दुसरी आबांची. चौक होतोय, आणि त्यातल्या वाटा बैल वळले तशाच वळतात. माझ्या थीसिसच्या ज्यूरीत, म्हणजे तोंडी परीक्षेत, एका सरांनी विचारलं, या अलाइनमेंटला आधार काय? मी खरं ते सांगितलं. सगळे हसले, पण मार्क चांगले दिले. वेशीचं तोंड कुठे, हे अजून ठरायचंय. दोघे म्हातारे त्यावर रोज भांडतात, फक्त आता एकाच ओट्यावर बसून.

बैलांना ते गाव कुणी दाखवलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. अ‍ॅपमधली ती वाकडीतिकडी रेघ मी शंभरदा पाहिलीय, तिच्यातून काहीही निघत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन, भांडेन, कदाचित पटवूनही घेईन.

त्या दिवशी संध्याकाळी अक्का माहेरी जेवली.